पहिल्या बक्षिसाची कडी

एकोणीसशे ब्याऐंशी साली कार्यानुभवाच्या बाईंनी सातवीच्या वर्गाला सांगितलं, "शाळेतली एक अडचण शोधा आणि ती दूर करणारी वस्तू स्वतः बनवा."

सगळे जिला चिमणी म्हणत, ती उठली. "बाई, मुलींच्या संडासाला कडीच नाही. एक आत जाते, दुसरी बाहेरून दार धरते. परवा मुलांनी दार ओढलं, तेव्हापासून मी शाळेत पाणीच पीत नाही."

मुलींनी घासून-तासून लाकडाची सरकती कडी बनवली आणि दाराला बसवली. चिमणी पोटभर पाणी पिऊ लागली. मग मुख्याध्यापकांनी कडी काढून प्रदर्शनात नेली. कडीला पहिलं बक्षीस मिळालं.

बाई कडी परत मागायला गेल्या, तर ते हसले. "अहो बाई, बक्षीस मिळालेली वस्तू संडासाला ठोकायची? काहीतरीच तुमचं."

त्या संडासाच्या वासानेही कधी आली नव्हती, अशी शिसारी बाईंना आली.

पुढे मुलींच्या सोयीसाठी झटल्याबद्दल मुख्याध्यापकांचा सत्कार झाला. चिमणीचं नाव तिच्या आईने शाळेतून काढलं. बाई निवृत्त झाल्या. कडी अजून ऑफिसातल्या काचेच्या कपाटात मखमलीवर आहे.


कपाटाला मात्र भक्कम कुलूप आहे.