शिलाईत गेलेली गल्ली

दाभण हातात तसाच धरून धुडकूने साहेबांना पुन्हा विनवलं, की प्रत्येक नकाशाच्या घडीला मागून कापडी पट्टी लावू द्या, मग मी पट्टीवर शिवतो. पट्टी असली की नकाशा सपाट उघडतो. घडीतूनच शिवला तर मधला दोन बोटं भाग शिलाईत जातो आणि पुन्हा कुणाच्या बापाला दिसत नाही.

साहेब सरकारी नकाशा विभागाचे. नुकतंच एक व्याख्यान ऐकून आले होते आणि ते अजून अंगातून उतरलं नव्हतं. साडेचारशे वर्षांपूर्वी रोम-व्हेनिसचे दुकानदार सुटे नकाशे विकायचे, गिऱ्हाईक निवडेल तेवढे एकत्र बांधून द्यायचे, एकाचं पुस्तक दुसऱ्यासारखं नसायचं, हे सगळं त्यांनी सुरतेतल्या उधन्याच्या, धुडकू काम करायचा त्या बाइंडिंगच्या दुकानात उभ्या उभ्या ऐकवलं. आता सुरतेच्या वस्त्यांचे नकाशेही तसेच बांधायचे, लाल चामड्यात, वर सोनेरी अक्षरं. उद्या मंत्री येणार होते. पट्टीबिट्टीला वेळ कुठला?

त्याच्या वस्तीचा, नवागामचा नकाशा आला आणि धुडकूचा हात थांबला. घडी बरोबर त्याच्या अकरा नंबरच्या गल्लीवर होती. ही गल्ली नकाशात यावी म्हणून त्याने नऊ वर्षं ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. नकाशात नाही म्हणून नळ नव्हता. यंदा कुठे ती नकाशात आली होती. इथे माझं घर आहे, असं त्याने साहेबांना बोट ठेवून दाखवलं.

"चोपडी दिखने में अच्छी होनी चाहिए," साहेब म्हणाले. "खोलता कौन है?"

धुडकूने शिवलं. घरी कळलं तेव्हा बायको, मालतीबाई, एवढंच बोलली: "सऱ्या गावनी चोपडी बांधी आन सोतानं घर शिवी टाकं."

मंत्र्यांनी पुस्तक हातात धरून फोटो काढून घेतला. साहेबांचं इतकं कौतुक झालं, की यापुढे सगळं काम त्याच पुस्तकावरून करायचा हुकूम निघाला. बिचारं पुस्तक शेवटी उघडलं गेलं.

दोन महिन्यांनी नव्या रस्त्यासाठी घरं पाडायच्या नोटिसा आल्या. पहिल्या दहा गल्ल्यांना आल्या, बारावीपासून पुढच्यांना आल्या. पुस्तकात आखलेला रस्ता दहावीपर्यंत सरळ यायचा, तिथे शिलाईत बुडी मारायचा आणि बारावीत वर निघायचा. अकरावीत कुणी फिरकलंच नाही. धुडकूला हसावं की रडावं कळेना. नऊ वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते धड मिळालं असतं, तर आज तोही बेघर झाला असता.

इकडे कौतुकाची चटक लागलेल्या साहेबांनी याहून मोठं पुस्तक बांधायचं काढलं, आणि ते काम पुन्हा धुडकूकडेच आलं. ही बातमी वस्तीत पोचायला अर्धा दिवसही लागला नाही. सकाळी दार उघडलं तर बाराव्या गल्लीची पुष्पाबाई उभी, हातात नोटीस, मागे अख्खी गल्ली.

"भाऊ," ती म्हणाली, "औंदा आमनी गल्लीबी शिलाईमा टाकजो."