सतरा नंबरची बाटली

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात तामालेस, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, विकणाऱ्या एउलालियाने आपली एक किडनी धाकट्या भावाला दिली होती. त्याचं शरीर ती किडनी नाकारतंय का, हे सुई न टोचता ओळखणाऱ्या नव्या चाचणीसाठी ती दर सोमवारी त्याच्या लघवीची सतरा नंबरची बाटली इस्पितळात पोचवायची.

"काय निघालं, डॉक्टर?"

"सेन्योरा, निकालाची पाकिटं अभ्यास संपल्यावरच फोडायची असतात. तुम्ही तामालेस वाफवा, विज्ञान आमच्यावर सोडा."

नेहमीच्या रक्ततपासणीत बिघाड दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. जूनमध्ये किडनी गेली.

नोव्हेंबरमध्ये भावाला डायलिसिसला बसवून बाहेर आलेल्या एउलालियाने भिंतीवरचा नवा फलक वाचला.

 

'अभिनंदन! रुग्ण क्रमांक सतराचा धोका आमच्या चाचणीने रक्ततपासणीच्या चाळीस दिवस आधीच अचूक ओळखला होता.'