सोनुबाईची मुलाखत

"नाव?"

"सोनुबाई नामा ठोंबरे."

"गाव?"

"पळसदरी. तालुका कर्जत."

"अमेरिकेला कशापायी चाललीस?"

"लेकीकडं. निशिगंधा नाव तिचं. इंजिनेर हाय तिथं."

"आज वार कोणचा?"

सोनुबाई अडली. समोर ओटीवर बसलेला तिचा नवरा नामा वाट बघत राहिला. त्याला घाई नव्हती.

"अवो, अमेरिकेला जायला वार कशाला लागतोय?"

"सायेब कायबी इचारतो. आपल्याला आलं पायजे. गुरवार हाय, म्हण."

"गुरवार."

"आता परत सुरवातीपासनं."

व्हिसाच्या मुलाखतीचा सोनुबाईनं धसकाच घेतला होता. दहिवलीची आवडी आपल्या मुलाकडं जायला निघाली होती. नवी साडी नेसून मुंबईला गेली, खिडकीपाशी उभी राहिली. सायबानं दोन-तीन सवाल केले आणि पासपोर्ट परत सरकवला. का, ते सांगितलंच नाही. आवडीनं मुलासाठी केलेले लाडू शेजारीपाजारी वाटून टाकले. त्यातले दोन सोनुबाईकडंही आले होते. आपलंही तसंच झालं तर? लेक तिकडं वाट बघत बसायची आणि आपल्याला साधा वार सांगता यायचा नाही.

व्हिसाच्या एजंटाकडची पोरगी मात्र गुणाची होती. व्हिसाचं काम हातात घेतल्यापासून ती बहुतेक इथंच असायची. सोनुबाईला काकी म्हणायची. चहाची पूड कुठं, साखर कुठं, हे तिला सांगावं लागत नसे. दुपारी लॅपटॉप उघडून कुणाकुणाशी इंग्रजीत बोलत बसायची.

"अमेरिकेशी बोलतीस का गं?"

"हो काकी."

"मंग माझ्या व्हिसाचं इचार की."

"विचारते."

पण तारीख पुढंच सरकत होती. सोनुबाई बॅग भरून तयार. सुकट, तांदळाचे पापड, लेकीला आवडतो म्हणून लसणाचा मसाला. सकाळी बघावं तर पापडाचा डबा पुन्हा फळीवर. विमानात वजन चालत नाही म्हणून नामाच गुपचूप काढून ठेवत असणार. ती त्याला काही बोलायची नाही. पुन्हा भरायची.

एकदा पोरगी तिची वेणी घालत होती. हात हलका होता तिचा.

"तुझी आई कुठं असती गं?" सोनुबाईनं विचारलं.

"इथंच, कर्जतकडं."

"मंग जात जा की तिच्याकडं. सारखी माझ्याच मागं असतीस. ती बिचारी वाट बघत आसंल."

"जाते ना काकी," पोरगी म्हणाली. वेणी झाली होती, तरी तिनं ती सोडून पुन्हा घातली.

शेवटी तारीख आली. पोरीनंच गाडी काढली. नामा पुढं बसला, सोनुबाई मागं, मांडीवर पासपोर्टची पिशवी घेऊन. गाडी खोपोलीच्या रस्त्याला लागली.

"मुंबईला जायाचं ना?"

"हाफिस आता हितंच झालंय," नामा म्हणाला. "लोकांची सोय केली सरकारनं."

साजगावचे कारखाने दिसले तशी ती मनात घोकायला लागली. नाव, गाव, लेक, वार. नाव, गाव, लेक, वार. नामानं मागं हात केला. तिनं तो धरला, आणि गाडी थांबेपर्यंत सोडला नाही.

बाहेर बाकावर बरेच म्हातारे बसले होते. सगळ्यांची पोरं परदेशात की काय, असं तिच्या मनात आलं. मग तिचं नाव पुकारलं. आत गोरा सायब नव्हता. चष्म्याच्या बाई होत्या आणि मराठी बोलत होत्या. सोनुबाईला हायसं वाटलं. नामा शेजारच्या खुर्चीवर बसला, पोरगी दाराशी उभी राहिली.

नाव विचारलं, तिनं सांगितलं. गाव सांगितलं. वार विचारला तेव्हा तिनं नामाकडं पाहिलं, पण तो खाली बघत होता.

"सोमवार," ती म्हणाली.

"बरोबर. मुलगी कशी आहे तुमची?"

हा सवाल नामानं शिकवला नव्हता. पण याला शिकवायचं काय?

"उंच हाय. केस लय दाट. ल्हानपणी माझा पदर बोटाला गुंडाळल्याबिगर झोपायची नाय. शाळंत कायम पयली. मीच म्हणलं, जा बाई, शिक. गेली ती तिकडंच राहिली."

"शेवटची कधी भेटली?"

सोनुबाईनं आठवून पाहिलं. "लय दिस झालं."

"आता भेटली तर काय सांगाल तिला?"

"पयलं पोटभर जेवू घालीन. मंग म्हणंन, तू आता जाऊ नको. नायतर मला तरी हितं ठेवून घे."

बाईंनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या. चुकलंच. शेवटचं तसं बोलायला नको होतं. परत येणार, असंच सांगायचं असतं, नामानं कितीदा बजावलं होतं.

"बाई, पास झाले का मी?"

"झालात," बाई हसल्या. "छान उत्तरं दिलीत."

सोनुबाईनं दोन्ही हात जोडले. नामानं तिच्या खांद्यावर थोपटलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. बाईंनी कागद पुढं धरला, दाराकडं बघत.

"निशिगंधा, आईंच्या गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा. पुढच्या महिन्यात पुन्हा घेऊन या."

पोरीनं पुढं होऊन कागद घेतला.

सोनुबाईला मोठं नवल वाटलं. एजंटाकडच्या या पोरीचं नावही निशिगंधाच होतं.