मागची सीट

सुभेदार तुळाजी निकमांचं तेरावं उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी काळा चष्मा लावलेला एक म्हातारा रिक्षावाल्याचा हात धरून अंगणात आला. "सुभेदारांची बुलेट कुठंय?" त्याने आल्या आल्या विचारलं. मग टाकीवरून हात फिरवत तो मागची सीट चाचपू लागला. ओसरीवरून पाहणाऱ्या कलावतीबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"गाडी विकायची नाही," त्या फटकन म्हणाल्या.

"घ्यायला नाही आलो, वहिनी. एकदा हात लावायचा होता. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंग फुटून माझे डोळे गेले. सुभेदारांनीच पाठीवर घेऊन मला बाहेर काढलं."

बाईंचा विश्वास बसेना. लढाईबद्दल सुभेदार घरात चकार शब्द काढत नसत. दर गुरुवारी मात्र गाडी लखलखीत पुसून एकटेच निघायचे, ते दिवेलागणीला परतायचे. तिकडे दुसरा संसार असणार, हा संशय बाईंनी वर्षानुवर्षं गिळला होता.

"गुरुवारी कुठं जायचे ते?" त्यांनी दरडावून विचारलं.

"माझ्याकडे, वाईला. मला मागं बसवून घाटात न्यायचे. दरी, धुकं, पिकलेली करवंदं, सगळं गाडी चालवता चालवता सांगायचे. तुमच्याबद्दलसुद्धा."

"माझ्याबद्दल काय?"

"संशय आला की आमची कला पदर कमरेला खोचते, म्हणायचे." म्हातारा हसला. "आत्ता खोचलाय ना?"

कलावतीबाईंनी खाली पाहिलं. खोचलेला पदर त्यांनी हळूच सोडवला, डोळ्यांना लावला आणि अंगणात उतरून म्हाताऱ्याचा हात धरून त्याला ओसरीवर आणलं.