तिसरा पुकारा

पुष्पावती शेवगावहून पहाटेची एसटी धरून आजही नगरच्या कोर्टात तारखेला आली. पोटगीचा दावा लावल्यापासून नवरा एकदाही फिरकला नव्हता. नुसता त्याच्या नावाचा पुकारा व्हायचा आणि पुढची तारीख पडायची.

शिपायाने व्हरांड्यात येऊन कंटाळल्या आवाजात पुकारलं, "बिभीषण ढाकणे हाजिर?"

दुसऱ्या पुकाऱ्याला तिने पिशवी उचलली. आता निघायचंच होतं.

तिसऱ्या पुकाऱ्याला आवाज आला, "हाय की."

नवऱ्याचाच, तंबाखूने खरवडलेला आवाज. ती दचकून मागे वळली. मागे नुसती भिंत होती.

सगळे तिच्याकडेच बघत होते.

"बाई," शिपाई म्हणाला, "नवऱ्याच्या नावाला तुम्ही का ओ देताय?"

"मी न्हाई दिली," असं म्हणायला तिने तोंड उघडलं. आवाज त्याचाच निघाला.