पुढच्या वर्षीचा घेवडा

आदेमारने आइस्क्रीमचा डबा डोक्यावर धरला आणि बांधावर एक गिरकी घेतली. शेजारच्या वाल्दिरने शिट्टी मारली. डबा आदेमारच्या सासूचा, दोना ब्रोनिस्लावाचा. आत आइस्क्रीम नव्हतं. तसं पाराना प्रांतातल्या कुठल्याच घरात आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम सापडत नाही, शिजवलेला काळा घेवडा सापडतो. पण सासूच्या डब्यात घेवडाही नव्हता. अळ्या होत्या. मेलेल्या, गोठून दगड झालेल्या.

त्या अळ्या एका रोगाने मेलेल्या होत्या. सोयाबीनवर अळी पडली की त्यातल्या मूठभर मिक्सरमधून काढायच्या, फडक्याने गाळायच्या आणि ते पाणी शेतावर फवारायचं. शेतातल्या अळ्यांना तोच रोग लागायचा. आठवडाभर त्या खातच राहायच्या आणि मरायच्या वेळी शेंड्यावर चढून दोरीवरच्या मोज्यांसारख्या उलट्या लटकायच्या. लटकलेल्या वेचायच्या आणि डबा परत भरायचा. एकेकाळी घरोघर असे डबे होते. आता गावात हा एकच उरला होता, आणि त्याच्यावरून आदेमार सासूला सुखाने जगू देत नव्हता. घरी कोणी जेवायला आलं की तो आधी हा डबा उघडून पुढे करायचा आणि मग घेवडा वाढायचा. बायकोने, झेलिंदाने, स्वतःचा मिक्सर कधीच वेगळा करून वरच्या फळीवर लपवला होता.

यंदा प्रयोगशाळेची रेजियानेबाई नवी बाटली घेऊन आली. रोग जुनाच, पण तिच्या लोकांनी त्याच्यात विंचवाचा एक गुण बसवला होता. रोग लागला की अळीच्या अंगातच विष तयार व्हायचं आणि तिचं खाणं तिथल्या तिथे बंद. दोना ब्रोनिस्लावा म्हणाली, बघू. आदेमारला तेवढंच हवं होतं. पैज लागली. आठवड्याच्या आत शेत साफ झालं तर डबा कोंबड्यांपुढे रिकामा करायचा. नाही झालं तर जावयाने वर्षभर रोज सकाळी सासूला मातेचा कडू चहा करून द्यायचा.

आठवडा सरायच्या आधीच शेत साफ झालं होतं. पानं अशी धड होती की वाल्दिरने दोनदा पालथी करून बघितली.

"काय सासूबाई, कोंबड्यांना हाका मारू?"

सासू रडीचा डाव खेळणारी नव्हती. डबा तिने स्वतःच फ्रीजरमधून काढून आणला होता. ती म्हणाली, "करा रिकामा. पण तसाच आणू नका, जावईबापू. तुमच्या नव्या अळ्यांनी भरून आणा. पुढच्या वर्षी लागतील."

म्हणणं रास्त होतं. आदेमारने ठरवलं, आधी नव्या अळ्या वेचू, मग कोंबड्यांचा सोहळा. वाल्दिरकडून एक बादली घेऊन तो सोयाबीनच्या ओळीत शिरला.

शेंडे मोकळे होते. दुसऱ्या ओळीत गेला, तिथेही तेच. मधल्या ओळी बघितल्या, शेवटच्या बघितल्या. एकही मोजा लटकत नव्हता. मग तो गुडघ्यांवर बसला. अळ्या खाली होत्या, ढेकळांत, वाळून आकसलेल्या. बऱ्याचशा मुंग्यांनी नेल्या होत्या, उरलेल्या न्यायचं काम चाललं होतं. त्याने एक उचलून चिमटीत दाबली. आतून काहीच निघालं नाही.

बांधावर रेजियानेबाई आपलं सामान आवरत होती. आदेमारने चार-दोन वाळक्या अळ्या टाकलेली बादली तिच्यापुढे धरली आणि विचारलं, बाई, या वर का चढत नाहीत?

कशा चढतील, ती म्हणाली, अंगात ताकदच राहत नाही. लवकर मरतात, खाली पडतात. त्यांच्यात रोग पुरता पिकत नाही आणि मातीत संपून जातो. तसाच हवा होता आम्हाला. शेतातून रानात पसरत गेला असता तर तुम्हीच माझ्या नावाने खडे फोडले असते.

हेही रास्तच होतं. आदेमारने मान डोलावली.

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी आम्ही देऊ ना आणून."

"आणि नाही आलात तर?"

बाई खोटं बोलणारी नव्हती. तिने बाटलीचं झाकण उगाचच पुन्हा एकदा घट्ट केलं. "ते माझ्या हातात नाही, आदेमार."

अंगणात कोंबड्या येऊन थांबल्या होत्या. वाल्दिर आणि आणखी दोघं तमाशा बघायला कुंपणावर बसले होते. आदेमार डबा काखेत घेऊन आला. डब्याला घाम फुटला होता, थेंब त्याच्या विजारीवर गळत होते. कोंबड्या पायात आल्या. तो त्यांना ओलांडून सरळ स्वयंपाकघरात गेला. मागून वाल्दिर ओरडला, फाटली का रे?

त्याने फ्रीजर उघडला, मांसाच्या पिशव्या बाजूला सारल्या आणि डबा पार मागे ढकलला.

"त्यात काय आहे?" चुलीजवळून झेलिंदाने विचारलं.

"घेवडा."

"मग बाहेरच ठेव, दुपारी गरम करते."

"तो नको. तो पुढच्या वर्षीचा आहे."

आदेमारने किटली चुलीवर ठेवली. फळीवरून तुंबा काढला, त्यात मातेची पत्ती भरली, पाणी ओतलं, नळी खोचली आणि तुंबा खिडकीपाशी बसलेल्या सासूच्या हातात नेऊन दिला.

दोना ब्रोनिस्लावाने एक घोट ओढला. बाहेर कोंबड्या अजून दाराशी घुटमळत होत्या.

"पाणी फार तापलंय, जावईबापू," ती म्हणाली. "उद्या जरा कमी तापवा."