त्याचा टॉवर किती फूट?

“साठ फुटाच्या खाली नसणार त्याचा टॉवर,” कानावरचा हेडफोन उतरवत धर्मराज म्हणाले. “आपलाही वाढवावा लागतोय. रविवारी कडुनिंब तोडायचा.”

गिरिजाबाई भाकरी थापत होत्या. “कडुनिंबानं काय केलं तुमचं?”

“टॉवरला चार बाजूंनी तारांचा ताण द्यावा लागतो. एक ताण बराबर त्याच्या फांद्यांतून जाऊन राह्यला. तुझी ती कपड्यांची तारही काढावी लागंल.”

भाकरी जरा वाकडी झाली.

धर्मराज पोलिसांच्या वायरलेसमधून निवृत्त झाले, अंबडला घर बांधलं आणि पाण्याच्या टाकीआधी गच्चीवर चाळीस फुटांचा टॉवर चढवला. मुंबईला परीक्षा देऊन काढलेला हौशी रेडिओचा परवाना होताच. आपल्या सेटवरून मोर्सची टिकटिक करत दूरदेशीच्या माणसांना गाठायचं आणि देश वहीत टिपायचे, हा त्यांचा छंद. सत्त्याण्णव झाले होते. शंभर झाले की प्रमाणपत्र, आणि जिल्ह्यात पहिला नंबर. त्यासाठी हॉलमध्ये खिळासुद्धा ठोकून झाला होता. “ठोकूनच राह्यले तर दोन ठोका,” गिरिजाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. देवाच्या फोटोसाठी असेल म्हणून धर्मराजांनी दुसराही ठोकला.

आणि गेल्या आठवड्यात चिलीच्या एर्नान या रेडिओमित्रानं टिकटिक करून कळवलं, तुमच्या जालना जिल्ह्यातलं आणखी एक स्टेशन आज मला लागलं. तुमच्याकडच्या दुपारी चारला. कळली ती फक्त परवान्याची अक्षरं. इतकी नवी, की कुठल्याच यादीत त्यांच्यापुढे नाव नाही.

धर्मराजांनी तडक राजूरच्या रामरावांना फोन लावला. रामरावही याच छंदातले.

“दुपारी?” रामराव हसले. “भाऊ, लांबचं सगळं रात्री लागतं. अन् जिल्ह्यातलाच असता तर मला पहिलं ऐकू आलं असतं की! इथं राजूरला खरखरसुद्धा न्हाई, अन् चिलीत कसा काय पोचला?”

“एर्नान खोटं बोलत न्हाई.”

“मंग मोठा टॉवर असंल. मोठी ताकद. पैसेवाला गडी दिसतोय.”

चहाचा कप ठेवता ठेवता गिरिजाबाई म्हणाल्या, “वर आभाळाला धडकून लांब उडी मारत असंल त्याचा आवाज. राजूर मधल्यामधे राहून जातं.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“मला काय कळणार? तीस वर्षं तुमची टिकटिक ऐकत फोडण्या घातल्या, एवढंच.” त्यांनी पदरानं चष्मा पुसला. मागच्या वर्षी डोळे दाखवायला म्हणून त्या मुंबईला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा हातात पेढे होते आणि डोळ्यांवर जुनाच चष्मा.

दोन दिवस धर्मराज अंबडभर मान वर करून फिरले. एकाही घरावर टॉवर नाही. मग कुणीतरी सांगितलं, शहागडला राजानंद लाइटवाल्यानं भला मोठा खांब उभा केलाय. धर्मराज एसटीनं शहागडला गेले. खांब होता. त्यावर लग्नाच्या माळा लावून बघायचं काम चाललं होतं.

“साहेब, तुमच्याकडं काही कार्य हाय का?” राजानंदनं विचारलं.

धर्मराज संध्याकाळी घामाघूम होऊन परतले. गिरिजाबाई मात्र खुशीत होत्या. शिलाई मशीनच्या खणाला कुलूप घालत म्हणाल्या, “आजचा दिवस लई चांगला गेला बाई.”

शेवटी धर्मराजांनी एर्नानलाच गळ घातली. ते स्टेशन पुन्हा लागलं तर विचार, टॉवर किती फूट? ताकद किती? अँटेना कसली? एर्नाननं रविवारी सकाळी सातची वेळ दिली.

“अन् त्याला टॉवरच नसला तर?” गिरिजाबाईंनी विचारलं.

“टॉवर नसला तर कडुनिंबाला हात लावणार न्हाई. झालं?”

“बघा हं. शब्द दिला तुम्ही.”

“दिला. टॉवरबिगर चिली! येडी का काय!”

रविवारी रखमाजी करवत घेऊन हजर. धर्मराज सेटपुढे बसले, वही उघडली, हेडफोन चढवला. गिरिजाबाई मागच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांची नजर कडुनिंबावरून हलत नव्हती.

“साहेब, लावू का करवत?” अंगणातून रखमाजीनं हाक दिली. “ही तार आडवी येऊन राह्यली. दोन्ही टोकांना बाटलीचे तुकडे कशापायी बांधलेत?”

“गंज लागू नये म्हणून,” गिरिजाबाई घाईनं म्हणाल्या. “थांबा जरा, भाऊ. वाळत घातलेलं हाय अजून.”

“थांब रे!” आतून धर्मराज ओरडले. “आला, आला एर्नान!”

टिकटिक सुरू झाली. ते एकेक अक्षर टिपू लागले आणि जुळलं तसं मोठ्यानं वाचू लागले.

“टॉवर... नाही.”

करवत कडुनिंबाच्या बुंध्याला टेकवून रखमाजी खाली बसला.

“ताकद पाच वॉट. पाच? अरे, घरातला बल्ब जास्त खातो!” धर्मराजांना हसू आवरेना. “देश... एकशे चार!” हरल्याचं दुःख कुठल्या कुठे पळालं. “वा रे पठ्ठ्या! भेटलाच पायजे हा माणूस. जेवायला बोलवू त्याला. गिरिजा, पुरणपोळ्या करशील ना?”

“करंन की,” मागच्या दारातून आवाज आला. “मला पण लई आवडतात.”

“अँटेना...” पेन्सिल धावत होती. “साधी तार, वीस मीटर. एक टोक कडुनिंबाला, दुसरं न्हाणीघराच्या खिडकीला.”

पेन्सिल थांबली. टिकटिक थांबली नाही. तीस वर्षांची सवय. हातानं पुढची ओळ आपोआप उतरवून घेतली:

“कालपासून तिच्यावर नवऱ्याचा निळ्या पट्ट्यांचा पायजमा वाळतोय.”